ब्रदर एकदाच खोटं बोलले

ब्रदरचे दोन्ही कान तालमीत मोडलेले, मान बैलासारखी. पांढऱ्या कपड्यांतला असा गडी दिसला की लोक थेट त्यांच्या पाया पडायचे, "डॉक्टरसाहेब, वाचवा." शेजारी गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून उभी असलेली मी म्हणजे त्यांच्या लेखी सिस्टर. माझं डोकं फिरायचं. ब्रदर मात्र त्या माणसाचा खांदा दाबून धरायचे. "डॉक्टर त्या हायत. मी नर्स हाय. म्हणा, डॉक्टरमॅडम." तसं म्हटल्याशिवाय खांदा सुटायचा नाही.

तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या छोट्या दवाखान्यात बांधाच्या भांडणात फुटलेली डोकी यायची, कोयत्यानं तुटलेली बोटं यायची. एकदा एका दारुड्याला मी टाके घालत होते. ब्रदरनी त्याला आवळून धरलं, तर त्यानं त्यांच्या मनगटाला रक्त येईपर्यंत चावा घेतला. "चाव, पण हलू नको," ब्रदर म्हणाले. मला हसूही आवरेना आणि सुईही धरवेना.

त्यांच्या गावचे, तामलवाडीचे जुने पैलवान दोस्त त्यांना बायकांचं काम करतो म्हणून चिडवायचे, बांगड्या भर म्हणायचे. "तिथं माणूस पाडत हुतो, इथं उठवतो. जोर तेवढाच लागतो बघा," असं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे वळायचे.

त्या दुपारी जीपखाली सापडलेला एक तरुण आणला. मी त्याची छाती दाबत राहिले, पण पोरगा गेला. बाहेर बातमी कळली आणि काचा फुटायला लागल्या. सलाइनचा लोखंडी स्टँड उचलून जमाव खोलीच्या दाराशी आला. "कुठाय तो डॉक्टर? जित्ता सोडत न्हाय त्याला."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात ब्रदर दारात आडवे झाले.

"मीच डॉक्टर."

पहिल्याच घावात त्यांचा जबडा मोडला. मनात आणलं असतं तर चार जण तिथंच लोळवले असते त्यांनी. पण दोन्ही हातांनी चौकट धरून ठेवली, कारण मागं मी होते. लोकांनी चौकटीवरची बोटं ठेचली. मी ओरडत होते, "अरे, डॉक्टर मी आहे, मला मारा." स्टँड धरलेला माणूस माझ्याकडे न बघताच म्हणाला, "सिस्टर, तुमी गप ऱ्हावा." कुणाचाच विश्वास बसला नाही. मेल्यांनो, त्या दिवशी तरी बसायचा होता.

सोलापूरच्या इस्पितळात त्यांना भेटायला गेले, तेव्हा जबडा तारेनं बांधलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये. त्या हातानं पुढं कधी सुई धरता आली नाही, नोकरी सोडून ते गावी गेले. त्या दिवशी खाटेजवळ बसून माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवत नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "सिस्टर, माजं सलाइन संपलंय बगा."

मी सलाइन बदलायला उठले. मागून खाटेच्या लोखंडावर प्लास्टर आपटल्याचा आवाज आला. ब्रदर तोंडातून शब्द काढू शकत नव्हते. दुखऱ्या हातानं माझ्याकडे दाखवत, डोळे वटारून ते म्हाताऱ्याकडे बघत राहिले. म्हातारा घाबरून मला म्हणाला, "चुकलं, डॉक्टरमॅडम."

तेव्हा कुठं त्यांनी हात खाली ठेवला.