मी काढलेल्या फोटोतलं घर

पत्रक मीच लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, नंतर कुणी लपवलं म्हणायला नको.

आमची निर्मळ गावात वाडी आहे. केळी, मोगरा, दोन विहिरी. वाड्यांवर इमारती येऊ नयेत म्हणून मी कॉलेजपासून पत्रकं लिहितेय: 'आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले, आम्ही हलणार नाही.' ती वाचूनच माझ्या जुन्या शाळेने मला आठवीच्या मुलांबरोबर राष्ट्रीय उद्यानातल्या शिबिराला बोलावलं. मी पिशवी भरून नवीन पत्रकं नेली: 'जंगल वाचवा, अतिक्रमण हटवा.' वर मीच काढलेला फोटो. उद्यानातल्या पाड्यावरचं कुडाचं घर, दारात कोंबड्या.

तंबू ठोकायला आमची वाडीवाली पोरं अगदीच निकामी निघाली. एक मुलगी मात्र दगडाने खुंट्या तिरक्या मारत एकामागून एक सगळ्यांचे तंबू उभे करत सुटली. सरांनी सांगितलं, ही विरारला भाड्याच्या खोलीत राहते, वडील इमारतींना रंग देतात. मला तिचं फार कौतुक वाटलं. बक्षीस म्हणून दुपारी सगळ्यांसमोर पत्रक वाचायला मी तिलाच उभं केलं.

तिने एकही शब्द न गाळता वाचलं. 'ही घरं हटलीच पाहिजेत' हेसुद्धा. मग फोटोवर बोट ठेवलं.

"ताई, हे माझ्या आजीचं घर आहे."

मागून एकजण म्हणाला, "म्हणजे बिबट्या तुमचा शेजारी?"

"हो. तुझ्या बिल्डरपेक्षा बरा."

पोरं हसली. ती हसली नाही. माझ्याकडे वळून तिने विचारलं, "हा कागद अजून कुणाला दिलाय?"

दिला होता. आदल्याच आठवड्यात, तक्रार अर्जाला फोटोसकट जोडून, वनखात्याच्या कार्यालयात. वर पोचही घेतली होती, कारण पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही हे आम्हा चळवळीतल्यांना पहिल्या दिवशी शिकवतात. ज्याच्या घराचा फोटो काढतोय त्याला, बाबा, तू इथे कधीपासून आहेस, एवढं विचारायला मात्र कुणी शिकवलं नाही. आणि मलाही सुचलं नाही. आमच्या वाडीबद्दल कुणी असं लिहिलं असतं तर मी मोर्चा काढला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना विचारून मी तिच्याबरोबर पाड्यावर गेले. आजी ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने शिव्या द्याव्यात असंच मला वाटत होतं.

तिने माझा चेहरा नीट निरखला. "तूच ना गं ती? उन्हातून आलेलीस. मी तुला पानी दिलं होतं."

दिलं होतं. ते पिऊन, तांब्या खाली ठेवून, मी फोटो काढला होता.

"आता घर पाडायला येतील का?" तिने विचारलं.

मला माहीत नाही, असं मी म्हणाले. इतक्या वर्षांत, इतक्या सभांत, हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

सोमवारी मी दुसरा अर्ज दिला: तक्रार चौकशी न करता केली, चूक माझी, मागे घेते. कारकुनाने शिक्का मारला. पहिला अर्ज वर गेलाय, म्हणाला, हाही जाईल, मग साहेब बघतील.

ती मुलगी दर आठवड्याला वडिलांच्या फोनवरून विचारते, "ताई, काय कळलं का?" मी नाही म्हणते. ती बरं म्हणते आणि फोन ठेवते.