डगल्ड आणि बिस्किट

डगल्ड मकीचन आणि मी शाळेत एका बाकावर होतो, त्यामुळे त्याच्याबद्दल चांगलंच बोललं पाहिजे अशी माझ्यावर सक्ती नाही.

पंचविशीत हा माणूस उडत्या हेलिकॉप्टरच्या खालच्या दांड्यावर उभा राहायचा आणि खाली पळणाऱ्या रानटी हरणाच्या पाठीवर उडी टाकायचा. ही त्याला कोणी दिलेली शिक्षा नव्हती. आमच्या खोऱ्यातले निम्मे तरुण तेव्हा हेच करत. आधी सरकारनं हरणं उपद्रवी ठरवून ती मारायला माणसं नेमली. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की परदेशात लोक हे मांस चवीनं खातात, तेव्हा तीच हरणं जिवंत पकडून कुंपणात घालायची ठरली. डगल्डनं दोन्ही कामं सारख्याच निष्ठेनं केली. त्यात त्याचे चार दात, एक करंगळी आणि बायको गेली. बायको वारली नाही, डनिडनला गेली.

आता तो एकाहत्तर वर्षांचा आहे आणि डोक्याला कापडी शिंगं लावून आपल्याच हरणांच्या कुरणाच्या फाटकाशी उभा असतो.

ही कल्पना त्याच्या सुनेची, रोवीनाची. ती ऑकलंडला जाहिरातींचं काम करायची. डगल्डच्या मुलाशी, ह्यूशी, लग्न करून इकडे आली, दोनशे हरणं पाहिली आणि म्हणाली, ह्यांना नावं का नाहीत? सहा महिन्यांत रस्त्यावर पाटी लागली, 'गोड हरणं! सहकुटुंब या, जवळून भेटा'. माद्यांची नावं मफिन, टॉफी अशी पडली. ह्यू कमी बोलणारा, तो आणखी कमी बोलू लागला. मीही तिच्या तावडीत सापडले, मला चहाच्या खिडकीत चीज रोल भाजायला बसवलं.

"नाव ठेवल्यावर खायचं कसं, पोरी?" डगल्डनं विचारलं होतं.

"ह्यांना खायचं नाहीये, डगल्ड."

"मग पाळायचं कशाला?"

ह्याचं उत्तर त्याला कापडी शिंगांच्या रूपानं मिळालं.

खरी अडचण खऱ्या शिंगांची होती. नरांची शिंगं आम्ही दरवर्षी वेळेवर कापतो. पण पाहुण्यांची पोरं निराश व्हायला लागली. हे हरीण नाही, गाय आहे, असं एका सहा वर्षांच्या तज्ज्ञानं सुनावल्यावर रोवीनानं ठरवलं की एका नराची तरी शिंगं ठेवायची. तिनं निवडला बिस्किट. आई मेल्यामुळे तिनं स्वयंपाकघरात बाटलीनं वाढवलेला. आता तो दोनशे किलोचा होता.

आमच्याकडे ईस्टर पानगळीत येतो आणि त्याच सुमाराला नर माजावर येतात. चिखलात लोळतात, अंगावर मुततात, दिवसभर डरकाळ्या फोडतात. शाळांना सुटी असल्यामुळे गर्दीही तेव्हाच.

"बिस्किटाला मागच्या कुरणात हलव," डगल्ड म्हणाला. "नाहीतर शिंगं उतरव."

"तो माझ्या मांडीवर झोपायचा."

"झोपत असेल. आता झोपवून बघ."

"तुम्ही रानटी हरणांबद्दल बोलताय. हा माणसांत वाढलाय."

"तेच सांगतोय. रानातला नर माणसाला भितो. ह्याला ठाऊक आहे आपण काय लायकीचे आहोत."

रोवीनानं त्यावर विचार केला आणि कुंपणापुढे एक दोरी बांधली. निळी, शोभिवंत.

ईस्टरच्या शनिवारी पांढरे बूट घातलेला एक गृहस्थ बायकोसह आला. बायकोनं फोन वर धरला होता. दोरीशी येऊन त्यानं डगल्डला विचारलं, "पाटीवर लिहिलंय ना, जवळून भेटा?"

"जवळून म्हणजे कुंपणाच्या जवळून."

"पण तो किती छान गातोय."

"गात नाहीये," डगल्ड म्हणाला. तेवढ्यात एका आजीबाईंनी संडास कुठे म्हणून विचारलं, म्हणून तो वळला. पाहुण्यानं दोरी ओलांडली, फाटकाची कडी काढली आणि आत जाऊन फोनकडे तोंड करून हसला.

मला खिडकीतून सगळं दिसलं. बिस्किटानं मान खाली घातली. पाहुणा हसत हसत मागे सरकला, मग नुसताच मागे सरकला, मग त्याची पाठ लोखंडी गव्हाणीला टेकली. मी ओरडले, "डगल्ड, आत माणूस आहे."

डगल्डचा एक खुबा नकली आहे. तरी तो धावला. धावता धावता त्यानं अंगातला मेणकापडी कोट काढला, पण डोक्यावरची शिंगं काढायचं त्याला सुचलं नाही. बिस्किटाला ती दिसली. पाहुण्यात त्याला काहीच रस उरला नाही. समोर दुसरा नर आला होता, म्हातारा आणि लंगडा, पण शिंगवाला.

तो डगल्डवर आला. डगल्डनं बाजूला होऊन कोट त्याच्या डोळ्यांवर टाकला आणि दोन्ही हातांनी शिंगं धरून लोंबकळला. बिस्किटानं त्याला दहा पावलं ओढत नेलं आणि गव्हाणीवर आपटलं. काठी मोडावी तसा आवाज झाला. पण हात सुटले नाहीत. अंधार झाला की हरीण शांत होतं, तसा बिस्किटही हळूहळू थांबला आणि कोटाखाली नुसता फुसफुसत राहिला. पाहुणा केव्हाच फाटकाबाहेर होता. ह्यू दोर घेऊन आला तेव्हा कुंपणाभोवतीच्या साठ-सत्तर माणसांनी टाळ्या वाजवल्या.

रोवीना पांढरीफटक पडून धावत आली. एका बाईनं तिची बाही धरून विचारलं, "पुढचा खेळ कितीला आहे?"

"अडीचला," रोवीना म्हणाली. सवयच तशी. मग आपण काय बोललो ते तिच्या कानांत शिरलं आणि ती गवतावर बसून रडायला लागली.

"पोरी," डगल्ड खालून म्हणाला, "अडीचला मला जमणार नाही."

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. इन्व्हरकार्गिलच्या इस्पितळात नर्सनं कसं झालं म्हणून विचारलं, तर ह्यानं शिडीवरून पडलो असं लिहून घ्यायला लावलं. तीनशे रानटी हरणं आडवी केली आणि हाड मोडलं ते बाटलीवर वाढलेल्या बिस्किटानं, हे त्याला सहन होत नव्हतं. पण पाहुण्याच्या बायकोचा फोन प्रामाणिक होता. सोमवारपर्यंत सगळ्या खोऱ्यानं ते पाहिलं. शुक्रवारी पबमध्ये गेला तर मित्रांनी त्याच्यापुढे बशीत एक बिस्किट ठेवलं. त्यानं ते बिअरमध्ये बुडवून खाल्लं.

शिंगं रोवीनानं स्वतः उतरवली. बिस्किटाला लाकडी खोड्यात घेतलं. डगल्ड हात गळ्यात बांधून शेजारी उभा राहिला आणि करवत कुठे धरायची ते सांगत गेला. वाळलेल्या शिंगाला दुखत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी तिचं नाक वाहत होतं. मी चहा घेऊन गेले होते. डगल्ड हसला नाही, हे मी मुद्दाम सांगते.

दुसरं शिंग खाली पडलं तेव्हा बिस्किटानं तिची बाही चाटली आणि लगेच तिला ढुशी द्यायला पाहिलं.

"माज उतरेपर्यंत, मे अर्धा होईपर्यंत ह्याच्याशी बोलू नकोस," डगल्ड म्हणाला. "बोलायचंच असलं तर माझ्याशी बोल."

"काय बोलू?"

"ते मला काय माहीत," तो म्हणाला आणि डाव्या हातानं कप उचलला.