पटांगणातला सुएझ कालवा
चुन्याच्या फक्कीचा वास आला की भाईंदरच्या शाळेचं पटांगण आठवतं. फक्की, दोरी, शिट्टी, सगळं घेऊन भूगोलाच्या तासाला मी तिथे जगाचा नकाशा आखला होता आणि सातवीची मुलं जहाजं बनून त्यावर चालत होती. वडील खरोखरच जहाजावर असलेली एक मुलगी युरोपातून मुंबईला निघाली, ती इजिप्तपाशी अडली. आफ्रिका आणि आशिया मी चुकून सलग रेषेने जोडून टाकले होते. “बाई, इथे रस्ताच बंदय! पप्पा गणपतीला कसे येणार?” “आफ्रिकेला वळसा घालून ये ना!” मागून एकजण ओरडला. “येडा आहेस का? तोपर्यंत विसर्जन होईल!” असं म्हणत तिने चपलेने माझी रेषा खसाखसा पुसली आणि धावतच मुंबई गाठली. “सुएझ कालवा!” ओरडत अख्खा वर्ग नाचायला लागला. आजही प्रत्येक नव्या वर्गासाठी मी ती रेषा मुद्दाम आखते आणि पुसायला कोण धावतंय याची वाट बघते.