माळावर फिरवलेला ब्रश

विट्यातल्या आमच्या स्टुडिओत आरशाखाली एक कंगवा, पावडरचा डबा आणि ओला नॅपकिन असतो. अब्बांच्या काळापासून आहे. फोटोला आलेल्या माणसाला अब्बा थेट खुर्चीवर बसवत नसत. आधी कॉलर सरळ, मग भांग, मग कपाळावरचा घाम. खांद्यावर एक केस जरी दिसला तरी कॅमेरा सोडून उठायचे. हाताखाली शिकताना मी सगळ्यात आधी हेच शिकलो, आणि अब्बा गेल्यावरही तसंच करत राहिलो.

दिवसभर माणसांचे चेहरे पुसून कंटाळा यायचा. म्हणून सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलला किक मारायची आणि माणूस दिसणार नाही अशा जागी जायचं. सुरुवातीला मला सगळं मोठंच हवं होतं. वाईकडचे धुक्यातले डोंगर, जतकडचं उघडं आभाळ, माणच्या माळावर सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या. मग जनावरांचं वेड लागलं. एका लांडग्यासाठी आठ रविवार घालवले आणि त्याच्या शेपटीचा फोटो मिळवला. पुढं नजर खाली खाली येत गेली. क्लोज-अपची लेन्स घेतली आणि मी माळावर पालथा पडायला लागलो. गवताच्या कुसळावरचे केस, नाकतोड्याचा गुडघा, सापाच्या कातीवरची नक्षी. घरात झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढणारा माणूस माळावर किड्यांपुढं लोटांगण घालतो, असं बायको म्हणते. खोटं नाही ते. पण त्या लेन्समधून बघताना मला जी शांतता मिळते, ती मला दुसरीकडं कुठंच मिळालेली नाही.

माणमधल्या त्या माळावर एक म्हातारे मेंढपाळ भेटायचे. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला फोटोवालं. पहिली दोन वर्षं त्यांनी मला काहीच दाखवलं नाही. हा माणूस कुठं बसतो, कसा चालतो, उठताना दगड जागेवर ठेवतो का, एवढंच लांबून बघत राहिले. मी विचारलं की इथं काही नसतं म्हणायचे. काय काय असतं ते त्यांना सगळं ठाऊक होतं.

तिसऱ्या वर्षी भर उन्हाळ्यात त्यांनी हातानं खूण करून मला बोलावलं. त्यांच्या काठीच्या टोकाकडं मी बराच वेळ बघत होतो, तरी मला काही दिसेना. मुरमाड जमीन, वाळलेलं गवत आणि मेंढरांच्या लेंड्या. मग एकदम दिसलं. टिटवीची चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली. रंग मुरमाचा, वर लेंड्यांसारखेच काळे ठिपके. जवळच टिटवी ओरडून जीव काढत होती. गेले आठ दिवस मामा रोज स्वतः त्या जागेपाशी उभे राहत होते आणि कळप दोन्ही अंगांनी काढून देत होते. पाण्याची वाट तिथूनच जात होती. लांबून काढा आणि लवकर उठा, एवढं सांगून ते मेंढरं घेऊन पाण्यावर गेले.

मी एक फोटो काढला. स्क्रीनवर मोठा करून बघितला. अंडी कुठली आणि लेंड्या कुठल्या, काही कळेना. काड्या आडव्यातिडव्या. माझा हात आपोआप बॅगेत गेला. लेन्सवरची धूळ झटकायचा मऊ ब्रश होता, तो काढला आणि अंड्यांभोवतीच्या लेंड्या हलक्या हातानं बाजूला केल्या. काड्या उचलल्या. अंड्यांना बोटसुद्धा लागू दिलं नाही, आणि त्याचा मला अभिमान वाटला. पाच मिनिटांचं काम. मग दुसरा फोटो काढला. तांबूस जमिनीवर चार अंडी, ठिपका न् ठिपका स्वच्छ. तीस वर्षांत इतका चांगला फोटो मी काढला नव्हता.

पुढच्या रविवारी गेलो तर जागा रिकामी होती. कवचाचे दोन तुकडे पडले होते. मामा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. त्यांनी कावळ्यांना त्या जागेवर उतरताना बघितलं होतं, पण पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. मी हळहळलो. ते म्हणाले, मेंढरं फार जवळून नेली, जनावरांच्या पायांनी काहीतरी उघडं पडलं असणार. त्या दिवसापासून त्यांनी पाण्याची ती वाट सोडली. उन्हाळाभर कळप टेकडीला वळसा घालून नेला. त्या उन्हात, त्या वयात.

मला कळलं ते महिन्याभरानं. सांगलीच्या एका हॉलमध्ये आमच्यासारख्या हौशी लोकांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं, त्यासाठी निवड करत कॉम्प्युटरपुढं बसलो होतो. दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले. पहिल्यात अंडी शोधावी लागत होती. दुसऱ्यात ती डोळ्यांत भरत होती. जी मला दिसावीत म्हणून मी एवढा खटाटोप केला, ती वरून कावळ्यालाही दिसली असणार. एवढं कळूनही मी दुसराच फोटो पाठवला. हे लिहिताना लाज वाटते, पण पाठवला. हॉलमध्ये लोक त्याच्यापुढं थांबायचे, किती स्वच्छ फ्रेम म्हणायचे, आणि मी मान डोलवायचो.

त्यानंतर चार वेळा माळावर जाऊन आलो. मामा लांबच्या वाटेनं येताना दिसायचे. दर वेळी सांगायचं ठरवायचो आणि चहा पिऊन परत यायचो. पाचव्या वेळी तो फोटो मोठा करून, पुठ्ठ्यात घालून नेला. तोंडानं जमत नव्हतं, म्हणून फोटो पुढं केला. भित्रा माणूस असंच करतो.

मामांनी हात धोतराला पुसले आणि फोटो दोन्ही हातांनी धरला. उजेडाकडं केला. बराच वेळ बघितला. अंडी तर त्यांची ओळखीचीच होती, ते अंड्यांच्या कडेची जमीन बघत होते.

"हितल्या लेंड्या कुठं गेल्या?"

"मी काढल्या, मामा. ब्रशनं. फोटो चांगला यावा म्हणून."

ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मागं वळून चरणाऱ्या कळपाकडं बघितलं.

"म्हंजी मेंढरांचा काय दोष न्हवता," ते म्हणाले. "मी उगाच त्यास्नी उन्हातनं फिरवलं."

फोटो पुठ्ठ्यात नीट घालून त्यांनी माझ्या हातात दिला. घरी ठेवा म्हटलं तर नको म्हणून मान हलवली. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा कळप पुन्हा जुन्या वाटेनं पाण्यावर जात होता.

तो फोटो आता कपाटात आहे. पहिला, लेंड्यांचा फोटो मी स्टुडिओत आरशाशेजारी लावलाय. गिऱ्हाईक भांग पाडता पाडता विचारतं, हा मातीचा फोटो कशाला लावलाय? अंडी आजवर कुणाला दिसली नाहीत. मी दाखवत नाही.

माळावर अजून जातो. मामा हाक मारतात, घोंगडीवर बसायला जागा देतात, पाणी देतात, पोराबाळांची चौकशी करतात. उन्हाळ्यात कळप चालताना एखाद्या जागी मधोमध दुभंगतो आणि पुढं जाऊन पुन्हा एक होतो. मधे मामा उभे असतात. मी लांबूनच बघतो. तिथं ते मला बोलावत नाहीत.