यादीबाहेरचं खाचर

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मला शहाणपणाचा झटका आला. त्याला कारण एक विषय. व्यवस्थापन माहिती प्रणाली. आठवड्याला चार तास, शंभर मार्कांचा पेपर आणि पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात एक मोठा त्रिकोण. त्रिकोणाच्या तळाला रोजची कामं करणारे, मधे त्यांच्यावर लक्ष ठेवणारे आणि वर टोकाला निर्णय घेणारे. सरांनी तो फळ्यावर काढला आणि विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?" वर्गाने माना खाली घातल्या. मी मनातल्या मनात टोकावर जाऊन बसलेसुद्धा. भिवपुरीजवळच्या गावातून कर्जतला टमटमने येणारी, सुट्या पैशांवरून रोज ड्रायव्हरशी भांडणारी मी.

डेटा हा कच्चा माल, त्यावर प्रक्रिया झाली की माहिती होते आणि माहितीवरून निर्णय घेतात, हे मी आईला भाकरी थापताना समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आधी पीठ चाळून दे, मंग घेते निर्णय." मी ते वहीत उदाहरण म्हणून लिहून घेतलं. हसू नका, सरांनी त्यावर बरोबरची खूण केली होती.

मग प्रकल्प आला. आपल्या आसपासची एखादी व्यवस्था निवडायची आणि तिच्यासाठी माहिती प्रणाली आखून ती चालवून दाखवायची. कुणी मेडिकलचं दुकान घेतलं, कुणी कॉलेजची लायब्ररी. मला काहीतरी भारी हवं होतं, म्हणून मी गावचं पाणी घेतलं.

वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी आमच्याकडे कालव्याने येतं आणि त्यावर उन्हाळी भात होतो. कालव्यातून पाट फुटतो आणि पाटावर ज्याच्या त्याच्या खाचराचं तोंड असतं. कुणाला कधी पाणी मिळणार हे माझे काका ठरवायचे. गावाने त्यांना कधी नेमलं ते कुणालाच आठवत नाही. सकाळ-संध्याकाळ खांद्यावर फावडं टाकून ते पाटाच्या कडेने चालत जायचे आणि एक तोंड उघडायचे, दुसरं बंद करायचे. एवढीच त्यांची कचेरी.

मी वही-पेन घेऊन त्यांची मुलाखत घेतली.

"काका, तुमच्या नोंदी कुठे असतात?"

"कसल्या नोंदी गं?"

"म्हणजे कुणाला किती पाणी दिलं, ते कुठे लिहून ठेवता?"

त्यांनी चप्पल काढली, शेजारच्या खाचरात टाच दाबली आणि खड्ड्यात पाणी जमतंय का ते बघत राहिले. "हितं," म्हणाले.

मी वहीत लिहिलं, 'नोंदी ठेवण्याची कोणतीही पद्धत अस्तित्वात नाही.' आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

देवाला माझी परीक्षाच घ्यायची असावी. एप्रिल लागताना काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आठ दिवस धूळ नको, चिखल नको, वाकायचं नाही. ते दहिवलीला लेकीकडे राहणार होते. आठ दिवस पाणी कोण बघणार, यावर पारावर खल चालू असताना मी पुढे झाले. फोन वर धरून म्हणाले, "माझ्याकडे प्रणाली आहे." आजही ते वाक्य आठवलं की मी एकटी असले तरी इकडेतिकडे बघते.

प्रणाली म्हणजे एक्सेलचा तक्ता. माहिती अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी, असं सरांनी बजावलं होतं. म्हणून मी सगळे सातबारे ऑनलाइन काढले, नावं घेतली, क्षेत्र घेतलं आणि क्षेत्राच्या हिशेबाने तास पाडले. रोज सकाळी गावच्या ग्रुपवर यादी टाकायची. ज्याची पाळी त्याने आपलं तोंड उघडायचं, वेळ संपली की बंद करायचं. गावाने हो म्हटलं. शिकलेली पोर एवढं करतेय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

पहिल्या दिवशी सकाळी सात ते नऊ पाणी माझ्या चुलत पणजोबांना होतं. ते मी जन्मायच्या आधीच गेले. सातबाऱ्यावरून मात्र ते अजून हललेले नाहीत. त्यांची पाच नातवंडं पाच घरांत फोन घेऊन बसली, की आज्याची पाळी नेमकी कुणी घ्यायची. दोन तास पाणी सरळ ओढ्याला गेलं. दुपारच्या पाळीत आणखी दोन स्वर्गवासी होते. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या एका फार्महाउसवाल्याचा नंबर लागला. त्याच्याकडे भात नाही, लॉन आहे. वॉचमनने इमानदारीत तोंड उघडलं आणि लॉन घोटाभर भिजवलं.

पारावरच्या एका आजोबांनी मला हाक मारली. "पोरी, पितृपक्षाला अजून येळ हाय गं. आतापासून कशाला पानी देतीस त्यांना?" पार हसला. मी हसले नाही. चुका सुधारत न्यायच्या असतात हे धड्यातच होतं. मी 'वारस' नावाचा एक रकाना वाढवला, लॉन आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं काढून टाकली आणि शेवटी 'तक्रार' असा रकाना घातला. तिसऱ्या दिवसापासून त्या रकान्यात शून्य येऊ लागलं. चौथ्या दिवशी शून्य, पाचव्या दिवशी शून्य. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतकी वर्षं काका उगाच उन्हातान्हात फिरत होते, असंसुद्धा मनात येऊन गेलं. लाज वाटते, पण आलं होतं.

सहाव्या दिवशी अहवालासाठी फोटो काढायला मी रानात गेले. पाटाच्या खालच्या अंगाला आत्याचं खाचर आहे. ती साऱ्या गावाची आत्या. तरुणपणी नवरा गेला, माहेरी परत आली ती कायमची. तिच्या नावावर जमीन नाही. बदलापूरला गेलेल्या एका घराचं खाचर ती अर्धेलीने, म्हणजे निम्म्या पिकावर करते आणि त्यातून येणारा तांदूळ तिला वर्षभर पुरतो. दुसरं तिच्याकडे काही नाही.

त्या खाचराला भेगा पडल्या होत्या. भात पोटरीत होता, म्हणजे कणीस अजून पोटातच, आणि नेमकं तेव्हाच पाणी तुटलं तर दाणा भरत नाही. पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या. आत्या डोक्यावर हंडा घेऊन बोअरकडून येत होती. बांधावर बसून तिने तो हंडा बुंध्यांशी ओतला. पाणी भेगेत गेलं आणि दिसेनासं झालं.

"आत्या, अगं पाळी का नाही घेतलीस?"

"मेसेजात माझं नाव नवतं ना गं."

"मग मला सांगायचंस की!"

"शेजारची सून रोज वाचून दाखवायची. तिला दोन-दोनदा बगायला लावलं. नवतंच." तिने पदराने तोंड पुसलं. "तू शिकलेली हाय. काय तरी बगूनच काडलं असशील. मला वाटलं, या साली आपल्याला नाय."

तक्रारींचं ते शून्य असं झालं होतं. मी तिथेच बांधावर बसले आणि दहिवलीला फोन लावला. काय बोलले ते आठवत नाही. रडत होते एवढं आठवतं.

काका तासाभरात रिक्षाने आले. डोळ्यावर तो मोठा काळा चष्मा, मागून लेक ओरडत असलेली. खाचराच्या कडेला उभं राहून त्यांनी टाच दाबली. खड्डा कोरडाच राहिला. मग मला वरच्या खाचराचा बांध हातभर फोडायला लावला.

"तिला येगळी पाळी नाय," ते म्हणाले. "वरच्याचं तोंड मी येळेवर बंद करत नाय, जादाचं खाली उतरतं, एवडंच."

वरच्याचं तोंड सहा दिवस अगदी वेळेवर बंद होत होतं. मिनिटाला मिनिट. तो मुद्दा मी अहवालात यश म्हणून लिहिला होता.

पाणी आलं, पण अर्ध्या खाचराला उशीर झाला होता. मळणीला त्यातून पळींजच, म्हणजे पोकळ दाणेच निघाले. आत्याने ते सुपाने पाखडलं आणि गुरांना घातलं. त्या वर्षी आई दर महिन्याला आमच्या कणगीतला तांदूळ मला आत्याकडे पोचवायला लावायची. आत्या प्रत्येक वेळी मला चहा करायची आणि अभ्यास कसा चाललाय ते विचारायची. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी अहवाल चाळला आणि विचारलं, "तक्रारी किती आल्या?"

मी खरं सांगू शकत होते. "शून्य," म्हणाले. वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला पडले. तो अहवाल नमुना म्हणून अजून पुढच्या वर्गांना दाखवतात, असं कळतं. त्रिकोण फार सुरेख काढलाय मी त्यात.

काकांचा डोळा छान झाला. ते पुन्हा पाटावर फिरू लागले आणि माझी यादी गाव विसरलं. पुढच्या वर्षी उन्हाळी भाताची लावणी व्हायच्या आधी आत्या घरी आली, पायरीवर टेकली आणि म्हणाली, "पोरी, यंदा माझं नाव टाक गं तुझ्या फोनात."

"आत्या, ती यादी बंद झाली. आता काका आहेत ना."

"आसूं दे. तरी टाक."

मी नवा तक्ता उघडला आणि पहिल्याच ओळीत तिचं नाव लिहिलं. "कुटं हाय?" तिने विचारलं. दाखवल्यावर तिने त्यावर बोट ठेवलं, तशी स्क्रीन सरकली आणि नाव गेलं. ती दचकली. मी परत आणून दाखवलं.

"तास किती लिहू, आत्या?"

"लागंल तेवडं लिही."

त्या रकान्यात आकडाच लिहायचा असतो. मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले. त्यानंतर मी दोन फोन बदलले, पण ती फाइल दर वेळी आधी नव्या फोनमध्ये घेतली. तिच्यात एकच नाव आहे.