दिगंबरचा थॉमस

दिगंबर गेला हे मला ज्या शब्दात कळलं, तो शब्द अजून कानातून जात नाही. दुपारचे डबे भरून झाले होते, डब्यांची गाडी यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत निघून गेली होती, आणि त्याच्या रूमवरच्या बिहारी माणसाचा फोन आला. "भाभी, दिगंबरभाई... खलास." बस, एवढंच. इकडे आखातात गॅस संपला तरी खलास, सुट्टी संपली तरी खलास. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मेल्या, नीट बोल की!" तेव्हा तो रडायला लागला. स्टोअरच्या मागे, पाइपांच्या सावलीत दिगंबर पाणी प्यायला बसला होता म्हणे, तो उठलाच नाही.

मुसफ्फा ह्या कारखान्यांच्या भागात आमची खानावळ आहे. वर्कशॉप आणि लेबर कॅम्पमधल्या आपल्या माणसांना डबे देतो. दिगंबर दापोलीकडचा, आमच्या ह्यांच्या शेजारच्या गावचा, म्हणून मी त्याची वहिनी आणि तो माझा दीर. फॅब्रिकेशनच्या यार्डात स्टोअरकीपर होता. विशीत आला, लग्नाआधी, आणि मग इथलाच झाला. बायको मालती गावी. वर्षाला एकदा गणपतीला जायचा, गौरी गेल्या की परत विमानात. मूलबाळ झालं नाही. कसं होणार? संसार म्हणजे काय वर्षातले पंधरा दिवस असतो? मी हे त्याला तोंडावर म्हणत असे. तो हसून ताटातली आमटी ओरपत राही.

त्याचे डोळे घारे होते. कोकणात घाऱ्या डोळ्यांचं कुणाला काय कौतुक, पण ह्याच्या घराण्याला गावात 'गोऱ्याचे' म्हणत. कॅम्प दापोलीला पूर्वी पेन्शनीत निघालेले इंग्रज सोल्जर राहत. त्यातला कुणी थॉमस ह्याच्या खापरपणजीबरोबर राहिला, दोन पोरं झाली, आणि एक दिवस बोटीत बसून तो विलायतेला निघून गेला, तो गेलाच. पोरांनी आईच्या माहेरचं आडनाव लावलं. गाव मात्र विसरलं नाही. दिगंबरला आलेली दोन स्थळं 'ठेवलेलीचा वंश' म्हणून परत गेली. एकदा तर भर पंगतीत कुणीतरी तसं बोललं आणि त्याची आई ताटावरून उठली. तेव्हा दिगंबर लहान होता. त्याला एवढंच शोधायचं होतं... ती खापरपणजी लग्नाची होती की नव्हती.

लोकांना वाटे, ह्याला लंडनचा पासपोर्ट हवाय. कसला पासपोर्ट! रविवारी सुट्टीला जेवण झालं की आमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर तो जुना लॅपटॉप उघडायचा. विलायतेत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या जनगणनेची पानं जशीच्या तशी बघायला मिळतात, चर्चमधल्या बारशांच्या, लग्नांच्या, दफनांच्या वह्यासुद्धा. ते तिरकं अक्षर वाचता वाचता ह्याची मान वाकडी झाली. लिंकनशायरमधल्या एका गावापर्यंत पोचला, तर एकाच चर्चमध्ये त्याच आडनावाचे तीन थॉमस! चांभाराच्या मुलाला पूर्वज धरून दोन वर्षं त्याच्या चुलते-मावश्या जुळवत बसला, आणि मग दफनाच्या वहीत कळलं की तो थॉमस पाळण्यातच गेला होता. "अरे, परक्याच्या पोराचं श्राद्ध घालत होतास होय रे," मी म्हटलं. आम्ही सगळे पोट धरून हसलो, तोही हसला. दुसऱ्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

खरा थॉमस गेल्या हिवाळ्यात सापडला. फौजेचा पेन्शनर, जन्म त्याच गावचा, बहिणीच्या घरी राहत होता. जनगणनेच्या पानावर घरातल्या प्रत्येकापुढे लिहिलेलं, हा कुटुंबप्रमुख, ही बायको, हा मुलगा. थॉमसपुढे लिहिलं होतं 'अविवाहित'. दापोलीच्या पोरांच्या बारशाची नोंदही मिळाली. तिथं बापाचं नाव होतं, आणि आईच्या जागी नुसतं 'नेटिव्ह बाई'. नावसुद्धा नाही! दिगंबरने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि पाण्याचा ग्लास नुसता हातात धरून बसला.

"हलकट मेला," मी म्हटलं. "पोरांचा बाप झाला आणि म्हणे अविवाहित!"

"वहिनी, तसं नसतं," तो हळू आवाजात म्हणाला. "जनगणनेच्या रात्री त्या छपराखाली जे झोपले होते तेवढेच मोजायचे. विचारणारा आला, बहिणीने काय सांगितलं असेल कुणास ठाऊक. आता आमच्या रूमवर कुणी मोजायला आलं तर काय लिहील? सहा बॅचलर."

"म्हणजे तू त्याचीच बाजू घेतोस?"

"बाजू नाही हो... मी पण तसाच राहिलोय ना."

मग ग्लास खाली ठेवून तो म्हणाला, "पुढच्या गणपतीला जाईन तो कायमचाच, इन्शाल्ला. खलास." हे तो दरवर्षी म्हणायचा. पण ह्या वेळी खरंच राजीनामा लिहायला घेतला होता म्हणे, त्याच्या रूमवाल्यानेच मला नंतर सांगितलं.

आणि आता जे लिहिते आहे ते लिहिताना माझा राग आवरत नाही. प्रेत गावी पाठवायचं तर घरच्यांची संमती लागते. आम्ही दोघं कंपनीच्या ऑफिसात गेलो. सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या पीआरओने फाइल उघडली आणि मान वर करून म्हणाला, "मॅडम, शादीशुदा था क्या? हमारे पास तो सिंगल है." घरचं माणूस म्हणून आईचं नाव, आणि ती जाऊन कितीतरी वर्षं झाली. पासपोर्टवर बायकोच्या नावाची जागा कोरी. लग्नाआधी आला तेव्हा जे लिहिलं, ते प्रत्येक खेपेला तसंच उतरवत गेले आणि ह्याने कधी बदलून घेतलं नाही. लग्न देवळाच्या अंगणात लागलेलं, त्याची नोंद कोण करतो? अरे दिगंबर, अरे गाढवा, दीडशे वर्षांमागच्या बाईसाठी परक्या देशाची दप्तरं उलथीपालथी केलीस, आणि स्वतःच्या बायकोचं नाव चार ओळींच्या फॉर्मवर घालायला तुला फुरसत झाली नाही?

मालती फोनवर होती. तिला आधी काही कळेचना. मग म्हणाली, "वहिनी, मी बायको आहे हो त्यांची. तुम्ही सांगा ना त्यांना." मी ऑफिसात सांगितलं, हिंदीत सांगितलं, हात जोडून सांगितलं. माझ्या सांगण्याला काय किंमत? रेशनकार्ड, ग्रामपंचायतीचा दाखला, तालुक्याला जाऊन प्रतिज्ञापत्र, लग्नातला एक पिवळा पडलेला फोटो... ती बाई भर पावसात दापोलीच्या खेपा घालत राहिली, आणि तोवर तो इथे शवागारात. शेवटी नेला. गणपतीच्या आधीच घरी पोचला, एवढं मात्र खरं झालं.

परवा मालतीचा फोन आला. म्हणाली, "वहिनी, त्यांचा तो गोरा सापडला होता ना? आणि बाई?" मी म्हटलं, "नाही गं. तिचं नाव कुठेच नाही."

"नाव आहे की. भागीरथी."

ती सांगू लागली. पितृपंधरवड्यातल्या अविधवा नवमीला, नवरा असताना जी बाई जाते तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. दिगंबरच्या घरात भागीरथीच्या नावाने दरवर्षी सवाष्ण जेवते. ती कुंकू लावून गेली, नवरा विलायतेत का असेना, पण होता. सासूने सुनेला सांगायचं, बंद पडू द्यायचं नाही. दिगंबरच्या आईने मालतीला सांगितलं होतं. लहानपणी त्या दिवशीची खीर दिगंबरनेही खाल्ली असणार, पण कुणाच्या नावाची ते पोराला कोण सांगतं! मोठेपणी गौरी उठल्या की हा विमानात, पितृपंधरवडा त्याने घरी कधी पाहिलाच नाही.

"अगं, मग त्याला सांगितलं नाहीस कधी?"

"मला तेव्हा काय माहीत, हेच शोधतायत ते! मला म्हणायचे, इंग्रजांचं बघतोय." मग म्हणाली, "यंदा मला सवाष्णीची ओटी भरता यायची नाही, वहिनी. तुम्ही सवाष्ण जेवू घालाल तिकडे?"

घालणार आहे. नवमी पुढच्या आठवड्यात आहे, शारजाहून माझी नणंद येते आहे जेवायला. पण त्याआधी मला हे छापून हवंय, कारण सगळ्यांना कागदच लागतो. तर हा घ्या कागद. भागीरथी ही थॉमस सोल्जरची बायको होती. मालती ही दिगंबरची बायको आहे.