मडमेच्या शिशीतलं तेल

विषमज्वरातून मी उठले, पण केस गेले. सासर लोणावळ्याला, माहेर मळवलीजवळ. आजारपणात आईनं मला माहेरी आणलं होतं. त्या काळी बाईचं बोडकं डोकं म्हणजे काय, हे सांगायला नको. नवरा रेल्वेत नोकरीला, चांगला धडधाकट, आणि आरशात मी मात्र विधवा दिसत होते. सासूबाई न्यायला येतील, बघतील आणि एकट्याच परत जातील, या भीतीनं माझा जीव अर्धा झाला होता.

मावशी लोणावळ्यात एका मडमेच्या बंगल्यावर झाडलोट करायची. तिनं मडमेकडून रोजमेरीच्या तेलाची बोटभर शिशी मागून आणली. मडम म्हणे केसांना तेच लावायची.

"चारच थेंब, कारळ्याच्या तेलात कालवून," मावशीनं बजावलं.

माझ्या आईला हात राखून काही करणं माहीतच नव्हतं. "चार थेंबानं काय व्हतंय? चिकट हाय ती मडम," म्हणत तिनं ते तेल नुसतंच तळव्यावर ओतलं आणि माझ्या टाळूवर खसाखसा चोळलं. अगं बाई गं! डोक्याची नुसती आग आग झाली. मी अंगणभर नाचले, आईला नको नको ते बोलले. शेवटी तिनं माझं डोकं ताकानं धुतलं.

उरलेलं मात्र आम्ही जपून वापरलं. रोज संध्याकाळी आई कारळ्याचं तेल कोमट करी, त्यात थेंब टाकी आणि बोटांनी हळूहळू जिरवी. घरभर कापरासारखा उग्र वास सुटे. वडील नाक मुरडत ओसरीवर जाऊन बसत. मला तो वास आवडायला लागला होता. भात पोटरीला आलं तेव्हा टाळूवर काळी लव आली. तेलानं आली की ताप गेल्यानं, देव जाणे. मी देवाला आणि शिशीला, दोघांनाही हात जोडले.

ती लव धड बोटभरही वाढली नव्हती, तोच सासूबाई दारात. मी पदर कपाळापर्यंत ओढला. त्यांनी मला समोर बसवलं आणि पदर सरळ मागं सारला. मी डोळे गच्च मिटले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मग तोच हात नाकाशी नेला.

"कशाचा वास ह्यो?"

आईनं चाचरत सगळं सांगितलं. सासूबाईंनी उठून दार लोटलं आणि स्वतःच्या डोक्यावरचा पदर खाली घेतला. लग्नानंतर इतक्या दिवसांत मी त्यांचं डोकं उघडं पाहिलं नव्हतं. मधोमध तळव्याएवढं टक्कल होतं.

"लय वर्सं झाली. कुनालाच दावलं न्हाई," म्हणत त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या. "लाव. आन् ती शिशी तुज्या गाठोड्यात टाक. घरी गेल्यावर रोज तूच लावायचं मला."